आधी शोधा, कुठे घासतंय

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तापीच्या पाण्यावर छोटी शिडाची होडी हौसेनं चालवणारे वाचक थोडेच, पण पत्रं मात्र नेटानं लिहितात. या वेळच्या पत्रांत तक्रार एकच आहे: शीड ठरावीक जागी विरतं, दोर ठरावीक जागी तुटतो. त्यातलं ‘ठरावीक जागी’ महत्त्वाचं. वयानं जुनं झालेलं कापड सगळीकडून सारखं कमजोर होतं. एकाच जागी गेलं तर तिथे काहीतरी घासतंय, असं खुशाल समजावं. शिडाच्या होड्यांवरची बहुतेक पुस्तकं समुद्रासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांत मिठाबद्दल पानंच्या पानं सापडतात. आपल्याकडे मीठ नाही, ऊन आणि गाळ आहे. घासणीला या दोघांची चांगलीच साथ मिळते.

प्रश्न : मुंबईहून आणलेली १४ फुटी जुनी होडी हतनूर धरणाच्या फुगवट्यात चालवतो. मोठं शीड डॅक्रॉनचं, म्हणजे शिडासाठीच्या पॉलिएस्टर कापडाचं आहे. मागून वारा घेऊन चाललं की ते तणाव्याच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूनं आधार देणाऱ्या तारेवर टेकतं. तिथे हातभर लांबीचा पट्टा केसाळ झाला आहे, आणि बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिशाचं टोकही फाटलं आहे. ठिगळ लावू, की तारेवर काही गुंडाळू?
– वाचक, वरणगाव

ठिगळ सगळ्यात शेवटी. आधी घासणं कमी करा, मग घासायची जागा गुळगुळीत करा, आणि एवढं करून जे उरेल त्यावर ठिगळ. हा क्रम उलटा केला तर ठिगळही त्याच जागी फाटतं.

शीड नुसतं तारेवर टेकल्यानं फारसं बिघडत नाही. होडी डुलते, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) वर-खाली होतो आणि त्याबरोबर कापड तारेवर दोन-तीन सेंटिमीटर मागे-पुढे सरकतं. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा म्हटलं तरी तासाभरात हजारावर घासण्या होतात, त्याही एकाच रेषेवर. तणाव्याची तार पिळाची असते, हाताला गुळगुळीत लागली तरी कापडासाठी ती बारीक कानसच असते. त्यामुळे पहिला इलाज बूमवर. बूम खाली ओढून धरणारा दोर, म्हणजे व्हँग, मागून वारा असताना ताणून बांधा. तो सैल असला की बूम वर उचलला जातो, शिडाचा वरचा भाग पुढे कलंडतो आणि तारेवर लोळतो. त्यानंतर शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायचा दोर, थोडा आत ओढा, कापड आणि तार यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट दिसेपर्यंत. वेग किंचित कमी होईल, होऊ द्या. शिवाय वारा नेमका पाठीवर घेण्याऐवजी २०-३० अंश बाजूनं घेऊन नागमोडी खाली गेलात तर बूम एवढा बाहेर सोडावाच लागत नाही, आणि अचानक बूम उलटायची भीतीही कमी होते.

आता जागा शोधायची. दोन्ही तणाव्यांच्या तारांवर बूमच्या उंचीपासून वर दोनेक मीटर निळा खडू चोळा. मागून वारा घेऊन दहा मिनिटं चालवा, काठाला या आणि शीड पसरून पाहा. जिथे निळी रेघ उठली तिथे घासतं. बहुतेकांचा अंदाज वीतभर तरी चुकलेला निघतो, कारण उभं राहून पाहताना शीड वेगळं दिसतं आणि भरल्यावर ते वेगळंच बसतं. स्प्रेडर (तारा डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्या) असतील तर त्यांच्या टोकांनाही खडू लावा. डॅक्रॉनवरचा खडू साध्या पाण्यानं निघतो. कुंकू, गुलाल किंवा गेरू वापरू नका, डाग राहतात.

तारेसाठी समुद्रावरचे लोक महागडे रोलर घेतात. जळगाव जिल्ह्यात तसा खर्च करायचं कारण नाही, ठिबकची १६ मिमीची साधी लॅटरल नळी पुरते. नळी नवी आणि कोरी हवी. आत ड्रिपर बसवलेली इनलाइन नळी घेऊ नका, तिला फुगवटे असतात. जुनी भोकं पाडलेलीही नको. या नळीच्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते म्हणून ती उन्हात वर्षानुवर्षं टिकते. खडूच्या खुणेच्या वर-खाली वीत-वीत जास्त धरून तुकडा कापा, तोंडं ब्लेडनं तिरकी करून गुळगुळीत करा. तणावा खालच्या टोकाला सोडवून नळी तारेत ओवा. तारेच्या टोकाची जोडणी रुंद असेल आणि ओवली जात नसेल तर २० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. नळी उभी चिरून तारेवर चढवणं सोपं खरं, पण चिरलेली कड कालांतरानं उघडते आणि शिडाला तीच ओरबाडते. नळी तारेवर मोकळी फिरली पाहिजे. सगळी गंमत त्या फिरण्यात आहे: कापड सरकलं की नळी गोल फिरते, घासणं बंद. म्हणून ती टेपनं तारेला चिकटवायची नाही. खाली घसरू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाशी तारेवरच टेपचे पाच-सहा वेढे देऊन कठडा करा.

आता ठिगळ. दुकानातलं चिकट डॅक्रॉन मिळालं तर उत्तम, नाही तर शिवणाऱ्याकडून जुन्या शिडाचा तुकडा मागवा. विरलेल्या भागाच्या चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त कापा, कोपरे गोल करा, कारण चौकोनी कोपरा आधी उचकटतो. शीड धुऊन पूर्ण वाळवा, चकचकीत सपाट जागेवर पसरा आणि ठिगळ दोन्ही बाजूंनी लावा. शिवायला पॉलिएस्टरचा जाड धागा घ्या. सुती कुजतो आणि नायलॉन उन्हात लवकर कमजोर होतो. शिवण झिगझॅग हवी, कारण कापड ताणलं की सरळ शिवणीचा धागा तुटतो आणि झिगझॅग थोडी जागा देते. गावातल्या पिको-फॉलच्या दुकानात झिगझॅगचं मशीन असतंच. १६ किंवा १८ नंबरची सुई लावून, टाका चार-पाच मिलिमीटरचा ठेवायला सांगा. बारीक टाके पाडले तर भोकांची रांग तयार होते आणि कापड त्या रेषेवरच फाटतं. फेव्हिक्विक किंवा एम-सील लावून भागवू नका. तो भाग कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी चीर पडते.

बॅटनच्या खिशाचं दुखणं वेगळं आहे. बॅटन खिशापेक्षा एखाद सेंटिमीटर आखूड हवी आणि तिची टोकं पॉलिश पेपरनं गोल केलेली हवीत. पुढच्या टोकाला कापडी टेपचे दोन वेढे द्या. पण खिसे फाटतात ते मुख्यतः शीड फडफडल्यानं. होडी काठाला लावून गप्पा मारताना शीड वर फडफडत ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. त्या अर्ध्या तासात शिडाचं जेवढं आयुष्य जातं तेवढं दिवसभर चालवून जात नाही. काठाला आलात की शीड उतरवा.

प्रश्न : शीड चढवायचा दोर, हॅलयार्ड, वर्षातून एकदा तरी तुटतो आणि दर वेळी डोलकाठीच्या टोकाशी. दोर बदलला, जाडही घेतला, फरक नाही. कप्पी फिरते.
– वाचक, रावेर

शीड पूर्ण चढवल्यावर दोराचा नेमका तोच चार बोटांचा तुकडा दर वेळी कप्पीवर बसतो. ताण त्याच्यावर, वळण त्याच्यावर आणि दिवसभराचं ऊनही त्याच्यावरच. त्यामुळे दोर तिथेच तुटणार. जाड दोर घेऊन उलट बिघडतं. कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावा असा हिशेब आहे. ६ मिमी दोराला ४८ मिमीची कप्पी हवी. छोट्या होडीच्या डोलकाठीत तेवढी कप्पी मावत नाही, ती असते २५-३० मिमीची. त्यात ८ मिमी दोर घातला की वळण आणखी तीव्र होतं, बाहेरचे धागे ताणतात, आतले एकमेकांवर घासतात, आणि दोर कप्पीच्या गालांवरही, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींवरही, रगडतो.

डोलकाठी खाली घ्या आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, कप्पी ताणाखाली फिरते का. हातानं फिरवून पाहून काही कळत नाही. दोराला पाण्यानं भरलेली दहा लिटरची बादली लटकवा आणि ओढा. धूळ आणि गाळ आसात बसला असेल तर रिकामी फिरणारी कप्पी वजन आलं की अडते, मग दोर तिच्यावरून घसरत जातो. धुऊन, वाळवून आसाला सिलिकॉनचा स्प्रे मारा. ग्रीस नको, ग्रीसला धूळ चिकटून पुन्हा तेच. दुसरी, कप्पी आणि गाल यांच्यातली फट. त्या फटीत दोराचा धागा शिरू लागला की दोर कापलाच म्हणून समजा. नायलॉनची पातळ वॉशर टाकून फट भरा किंवा कप्पी बदला. तिसरी, दोर डोलकाठीतून बाहेर पडतो त्या खाचेची कड. कापसाचा बोळा घ्या, खान्देशात त्याला तोटा नाही, आणि खाचेच्या कडेवरून, कप्पीच्या गालांवरून, तारांवरून, क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंटीवरून) तो हळूच फिरवा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, आहे. कानस आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा. तारेवर कापूस अडकला तर मात्र कानस लावायची नाही. तिथे तारेतली एक काडी तुटलेली आहे, तो तणावा बदलायचा. एका तुटलेल्या काडीनं दोर, शीड आणि तळहात सगळ्यांनाच धोका असतो.

एवढं करूनही झीज पूर्ण थांबणार नाही, म्हणून जागा बदलत राहा. हॅलयार्ड घेताना दोन मीटर जास्त घ्या. दर हंगामाच्या सुरुवातीला शिडाकडचं टोक १५ सेंटिमीटर कापून पुन्हा बांधा, म्हणजे कप्पीवर नवा तुकडा येतो. तीन-चार वर्षांनी दोर उलटा करून टाका. शिडाकडचं टोक गाठीनं बांधत असाल तर गाठीत दोराची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते, हेही ध्यानात असू द्या. थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण) घालून स्प्लाइस केलं, म्हणजे दोराचं टोक त्याच्यातच गुंफलं, तर नुकसान दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतं. छोट्या होडीत गाठ चालते, पण मग ती दर हंगामात सोडून आतला दोर पाहायचा.

प्रश्न : जळगावच्या बाजारात दोर मागितला की दुकानदार नायलॉन म्हणून काहीही देतो. कोणता कशाला घ्यावा आणि ओळखावा कसा?
– वाचक, जळगाव

बादलीभर पाणी घ्या. दोराचा वीतभर तुकडा टाका, आतली हवा जाईल असा दाबा. तरंगला तर बहुधा पॉलिप्रोपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. या दोघांत फरक ताणाचा. मीटरभर तुकडा दोघांनी दोन्ही हातांनी ओढला की नायलॉन रबरासारखा लांबतो, पॉलिएस्टर जवळजवळ तेवढाच राहतो.

विहिरीवर, गोठ्यात, ट्रॅक्टरवर दिसतो तो पिवळा-निळा स्वस्त दोर पॉलिप्रोपिलीनचा. शिडाच्या कामाला तो घेऊ नका. उन्हात त्याचे तंतू ठिसूळ होऊन हाताला बोचू लागतात, आणि तो साधारण १६५ अंशांनाच वितळतो, पॉलिएस्टरपेक्षा ९० अंश आधी. क्लीटवरून झपकन सोडला की घर्षणाच्या उष्णतेनं पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. ती चकाकी म्हणजे वितळून पुन्हा थिजलेले तंतू, तिथे दोर मोडतो. तरंगतो म्हणून माणसाला फेकायच्या बचाव-दोराला तेवढा ठेवा, तोही सावलीत.

हॅलयार्डला पॉलिएस्टरचा विणलेला दोर घ्या, १४ फुटी होडीला ६ मिमी पुष्कळ. शीटला तोच ८ मिमीचा. ताकदीला ६ मिमीही पुरेल, पण हाताला पकड यायला जाड बरा. नांगराला आणि होडी बांधायला नायलॉन, ८ ते १० मिमी, कारण तिथे ताण खाणारा दोर हवा असतो. सुती दोर ओला झाला की आवळतो, कुजतो. तो सोडून द्या.

डायनीमा या फार मजबूत, महागड्या दोराबद्दलही दोघांनी विचारलं आहे. घासणीला तो चिवट आहे आणि लांबतही नाही, पण फार घसरडा असल्यानं त्यात साधी गाठ टिकत नाही, स्प्लाइस करावंच लागतं. उष्णतेला तो पॉलिप्रोपिलीनपेक्षाही हळवा. जिथे दोर जोरात घसरतो तिथे त्याच्यावर पॉलिएस्टरचं कव्हर हवं. १४ फुटी होडीला खर्च वसूल होणार नाही.

प्रश्न : प्रकाशा गावच्या घाटावर होडी बांधून ठेवतो. पायरीच्या दगडी कडेवर दोर आठवड्यात केसाळ होतो. आता रबरी नळी चढवली आहे. पुरेल का?
– वाचक, प्रकाशा

पावसाळ्यात पुरणार नाही, आणि नळी कोणती यावरही बरंच आहे. नायलॉनचा दोर प्रत्येक हेलकाव्याला लांबतो आणि आखडतो. दगडावर बाहेरून घासतो आणि वळणावर आतल्या आतही घासून तापतो. पाणी लागत राहिलं तर तो थंड राहतो. घट्ट रबरी किंवा प्लास्टिकची नळी पाणी आत जाऊ देत नाही आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. मोठ्या वादळात अशा नळीच्या आत दोर वितळून तुटल्याची उदाहरणं आहेत, नळी मात्र शाबूत. म्हणून पाणी झिरपेल असं आवरण घ्या: जुन्या अग्निशामक नळीचा कापडी तुकडा, जाड कॅनव्हास, किंवा मोच्याकडचं चामडं. भंगारवाल्याकडे आगीच्या बंबाची नळी मिळाली तर तिच्या तोडीचं दुसरं काही नाही, पण तीही दोरावर ढिली हवी. आवरणाची लांबी दगडावरच्या भागाच्या तिप्पट ठेवा, कारण नदीची पातळी बदलली की घासायची जागा सरकते. दोन्ही टोकं मेणाच्या दोऱ्यानं दोराला शिवा, नाही तर चार दिवसांत आवरण एकीकडे आणि घासणी दुसरीकडे.

त्याहून चांगलं म्हणजे दगडाला दोर लागूच द्यायचा नाही. कडीपासून पायरीच्या कडेपलीकडे जाईल एवढी, दीड-दोन मीटर, ६ किंवा ८ मिमीची गॅल्व्हनाइज्ड साखळी लावा. तिच्या टोकाला शॅकल (पिनेनं बंद होणारी यू आकाराची कडी), शॅकलमध्ये थिंबल, आणि नायलॉन तिथून पुढे. शॅकलची पिन तारेनं बांधून टाका, हेलकाव्यानं ती आपोआप सुटते. होडीच्या बाजूला दोर ज्या कडेवरून जातो ती कड गोल आहे का, तेही पाहा. घाटावरची साखळी उत्तम आणि होडीवरची फेअरलीड, म्हणजे दोर बाहेर जायची खाच, धारदार, असं फार वेळा असतं. ओल्या नायलॉनची ताकद कोरड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असते, म्हणून जाडी ठरवताना हात सैल ठेवा आणि दोन दोर दोन वेगळ्या कड्यांना बांधा.

पण वर हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की हे सगळं बाजूला ठेवून होडी पाण्याबाहेर काढायची. तापीत तेव्हा झाडं, ओंडके वाहत येतात. त्या माऱ्यापुढे कसलंही आवरण उपयोगाचं नाही.

प्रश्न : तारांच्या जोडण्यांतल्या स्प्लिट पिनांवर (पाय फाकवून बसवायच्या पिनांवर) इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतो. मे महिन्यात तिचा चिकट लगदा होतो आणि शिडाला काळं लागतं.
– वाचक, शिरपूर

पीव्हीसी टेपचा गोंद आपल्या उन्हात टिकत नाही. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप घ्या, तिला गोंदच नसतो, ताणून गुंडाळली की एकजीव होते. तिच्याआधी पिन नीट बसवा. पिनेचे पाय थोडेच फाकवा, बाहेर उरलेली लांबी मुख्य पिनेच्या व्यासाच्या दीडपटीच्या आत ठेवा, टोकं कानशीनं बोथट करा. पाय गोल वळवून ठेवले तर अडचणीच्या वेळी पिन निघत नाही. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) पूर्ण गुंडाळून बंद करू नका. स्टीलला हवा लागली पाहिजे, ओल आत कोंडली की स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. टेप फक्त पिनेवर, खालून उघडी.

प्रश्न : केळीच्या ट्रकवरची ताडपत्री शीड म्हणून चालेल का? सावद्याला स्वस्तात मिळते.
– वाचक, सावदा

शिकण्यापुरती चालेल, एक हंगाम. नवी घ्या, निदान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम). ट्रकवर वापरलेली ताडपत्री उन्हानं आतून मोडलेली असते, घडी उलगडताच पांढरी पूड पडते ती त्याचीच. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून त्यावर पातळ थर दिलेला असतो. घासून तो थर गेला की पट्ट्या उन्हात लवकर मोकळ्या होतात. त्यामुळे तारेवर नळी घालणं इथे डॅक्रॉनपेक्षाही जास्त गरजेचं.

ताडपत्रीच्या आयलेटवर (कडेच्या धातूच्या कड्यांवर) विसंबू नका, पहिल्या झोताला ते कापडासकट उपटतात. तिन्ही कडांना ६ मिमीचा दोर आत घालून दुमडा, दुहेरी चिकटपट्टी लावा आणि लांब टाक्याची झिगझॅग मारा. कोपऱ्यांवर ताडपत्रीचेच तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, आणि सगळ्यांतून जाणारा २५ मिमीचा पॉलिएस्टरचा पट्टा. शाळेच्या दप्तराचा असतो तसा. शीड बांधायचं ते या पट्ट्याच्या फासाला. उन्हाळ्याच्या शेवटी केळीच्या बागा झोपवणारा जो वारा सुटतो, त्यात मात्र हे शीड बाहेर काढू नका. खरं तर त्या वाऱ्यात कुठलंच काढू नये.

प्रश्न : उकाई धरणाच्या फुगवट्यात वल्ह्याचीच होडी आहे. वल्हं कडीत घासून बारीक झालं.
– वाचक, नवापूर

चामड्याचा पट्टा शिवा. रुंदी २५ सेंटिमीटर, लांबी वल्ह्याच्या घेराएवढी पण पाच मिलिमीटर कमी. रात्रभर पाण्यात भिजवा, ओला असतानाच ताणून गुंडाळा आणि कडेला कड लावून मेणाच्या दोऱ्यानं शिवा. वाळला की आवळून बसतो. शिवण कडीला टेकणार नाही अशा बाजूला ठेवा. खिळे मारू नका, भोकांतून पाणी शिरून लाकूड कुजतं. अधूनमधून मेण किंवा चरबी चोळा. गाडीचं ग्रीस लावलं तर त्याला रेती चिकटते आणि चामड्याची कानस होते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की होडी उघड्यावर पडून असते. शीड बूमवर गुंडाळूनच ठेवतो. कव्हर आहे.
– वाचक, मुक्ताईनगर

चांगदेवजवळच्या संगमाकडे पाणी उतरलं की काठावर बारीक गाळ वाळून उडतो. तो कव्हरच्या आत शिरतो, घड्यांत बसतो आणि पुढच्या हंगामात प्रत्येक हालचालीला आतून कापतो. दोरांचंही तेच, विणीत शिरलेली रेती तंतू आतून तोडते. हंगाम संपला की दोर उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, कोमट पाणी आणि साध्या साबणात तासभर भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, सावलीत वाळवा. ब्लीच नको, गरम पाणी नको, मोटरच्या फवाऱ्यानं झोडपू नका, त्यानं रेती आणखी आत जाते. शीड पसरून मऊ ब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा आणि घरात ठेवा, घडी न घालता नळीवर गुंडाळून. पीव्हीसीचा १०० मिमीचा पाइप गुंडाळायला छान. उंदरांपासून दूर ठेवायचं एवढं बघा. घडीच घालायची झाली तर दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला.

प्रश्न : दोर किंवा शीड आता टाकून द्यायचं, हे नेमकं कशावरून ठरवायचं? दिसायला सगळंच जुनं दिसतं.
– वाचक, धुळे

रंगावर जाऊ नका. विणलेल्या दोराला वरून बारीक लव आली तर घाबरायचं कारण नाही, ती लव आतल्या थराला थोडं वाचवतेच. दोर बोटांच्या चिमटीतून हळूहळू सरकवा. कुठे बारीक लागला, कुठे गाठीसारखा फुगला, कुठे कडक किंवा काचेसारखा लागला, तर तिथे तो गेला. आवरणाच्या विणीतला अख्खा धागा तुटून आतलं दिसत असेल तरीही गेला. तीन पेडी दोर असेल तर पेड उलट पिळून उघडा. आत पूड दिसली तर तो आतून झिजला आहे, बाहेरून कितीही नवा दिसो. खराबी एका टोकाशी असेल तर तेवढं कापा, मधोमध असेल तर दोन आखूड दोर करून हलक्या कामाला लावा. कापलेल्या टोकाला मेणाच्या दोऱ्यानं व्हिपिंग करा, म्हणजे घट्ट वेढे द्या, रुंदी दोराच्या जाडीच्या निदान दीडपट. नुसतं मेणबत्तीवर वितळवलेलं टोक कडक होऊन फुटतं आणि हात कापतं.

शिडाची आधी शिवण तपासा, कारण टाके कापडाच्या वर उठून असतात आणि घासणं, ऊन दोन्ही त्यांच्यावर पहिलं येतं. अंगठ्याच्या नखानं शिवण जोरात खरवडा. धागा तुटला तर कापड चांगलं असूनही शीड पाण्यावर नेण्याजोगं नाही. पूर्ण शिवण पुन्हा मारून घ्या, जुन्या टाक्यांच्या शेजारून, त्यांच्याच भोकांतून नव्हे. कापडासाठी मागच्या कडेजवळ, जिथे ऊन आणि फडफड जास्त, तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड चिमटून विरुद्ध दिशांना ताणा. कागदासारखं टरकलं तर त्या शिडाला ठिगळ लावण्यात पैसे घालू नका. त्याचे चांगले भाग कापून ठेवा, पुढच्या शिडाची ठिगळं त्यातूनच निघतील.